२६ आणि २४ सेंटिमीटरच्या नळ्या, दोन्ही वापरून

आधीच सांगतो, हा मुतखड्याच्या ऑपरेशनबद्दलचा अभिप्राय नाही. ऑपरेशन चालू असताना मी गाढ झोपेत होतो, तेव्हा त्यावर मत द्यायला मी कोण? मी लिहितोय ते ऑपरेशननंतर जी वस्तू २५ दिवस, पूर्ण जागेपणी, अंगात वागवली तिच्याबद्दल. तिचं नाव डीजे स्टेंट. वाजवणारा डीजे नाही. डबल जे. नळीची दोन्ही टोकं इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली असतात म्हणून.

माझा धंदा नळजोडणीचा. लोकांच्या भिंतींत पाइप घालतोय त्याला २२ वर्षं झाली. माझ्यात पाइप घालायची वेळ पहिल्यांदाच आली. नळीबद्दल बोलायचा थोडाफार हक्क मला आहे असं धरून चालतो.

डाव्या किडनीत, अगदी खालच्या कप्प्यात, १४ मिलिमीटरचा खडा होता. सीटी स्कॅनमध्ये तो चांगलाच कडक दिसला. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीने करू. चिरा नाही, टाका नाही. लघवीच्या वाटेनेच बारीक लवचीक दुर्बीण किडनीपर्यंत न्यायची आणि लेसरने खड्याची भुकटी करायची. याला आरआयआरएस म्हणतात. खडा २ सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर सहसा पाठीतून छोटं भोक पाडून करतात, ती पीसीएनएल. चिरा नाही हे ऐकूनच मी खूश झालो आणि तिसऱ्या दिवशी कामावर, असा हिशेब परस्पर करून टाकला. एका गिऱ्हाइकाला तारीखसुद्धा दिली. तो हिशेब पार कोलमडला तो या नळीपायी.

पहिल्या खेपेला दुर्बीण वर गेलीच नाही. किडनीतून मूत्राशयात येणारी मूत्रवाहिनी माझ्या बाबतीत अरुंद निघाली. शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर उशाशी उभे होते. म्हणाले, "काका, जोर लावला असता तर गेलीही असती, पण वाहिनीला इजा झाली असती. आत नळी ठेवलीय. दोन आठवड्यांत वाहिनी तिच्याभोवती सैलावेल, मग आरामात जाऊ." बायकोचा चेहरा पडला, पण मला हे ताबडतोब पटलं. जात नाही म्हटल्यावर ज्याला हात थांबवता येतो तो खरा कारागीर. जोर लावून आटे बिघडवणाऱ्यांची कामं निस्तरण्यातच माझी निम्मी वर्षं गेलीत. डॉक्टरांना त्या एका निर्णयासाठी पूर्ण गुण.

गुण कापतो ते घरी पाठवतानाच्या कागदाचे. त्यावर औषधांची नावं, पुढच्या भेटीची तारीख आणि एक ओळ: लेफ्ट डीजे स्टेंट इन सिटू. संपलं. म्हणजे डाव्या बाजूला नळी जागेवर आहे. ती जागेवर असताना माझं काय होईल, याबद्दल एक अक्षर नाही. साधी गिझरची जोडणी केली तरी मी घरातल्या माणसाला पाच मिनिटं उभं करून सांगतो, हा व्हॉल्व्ह असा, हा तसा, इथून थेंब आला तर घाबरू नका, तिथून आला तर मला फोन करा.

आता वस्तूबद्दल. नळी मऊ प्लॅस्टिकची, पॉलियुरेथेनच्या जातीतली, वरून गुळगुळीत थर. माझी पहिली २६ सेंटिमीटर लांब आणि ६ फ्रेंच जाड. हे फ्रेंच माप मला फार आवडलं. १९व्या शतकात पॅरिसमध्ये शारिएर नावाचा शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारा कारागीर होता, त्याने ते ठरवलं. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. म्हणजे ६ फ्रेंच बरोबर २ मिलिमीटर. ऑपरेशनच्या रात्री लघवीसाठी जी बाहेरून नळी लावतात ती १६ फ्रेंच, पाच मिलिमीटरच्या थोडी वर. आमच्या धंद्यात अजून इंच आणि मिलिमीटर यांचं भांडण मिटलेलं नाही, तिथे यांनी केव्हाच एक माप ठरवून टाकलंय.

रचना म्हणाल तर झकास. वरचं वेटोळं किडनीत अडकतं, खालचं मूत्राशयात. त्यामुळे नळी ना वर सरकत, ना खाली घसरत. आधी सरळ नळ्या घालून पाहिल्या होत्या, त्या जागा सोडायच्या. १९७८ मध्ये रॉय फिनी या डॉक्टरने दोन्ही टोकं वळवायची युक्ती आणली. अंगावर भोकांची रांग असते, म्हणजे लघवी आतूनही जाते आणि बाजूनेही. कशाला ठेवायची? तर दुर्बिणीने, लेसरने वाहिनीला सूज येते. सूज आली की वाट बंद, आणि वाट बंद झाली की किडनी तुंबते. शिवाय भुकटी खाली येताना मध्येच बसली तरी तेच. नळी असली की वाट उघडी राहते. एवढंच तिचं काम, आणि ते ती चोख करते. २५ दिवसांत किडनी एकदाही तुंबली नाही. कामाला पाचपैकी पाच.

राहायला मात्र ही बया अवघड.

घरी आल्यावरची पहिली लघवी मी विसरणार नाही. सुरुवात ठीक झाली. अर्ध्यावर डाव्या बरगडीखाली आतून कोणीतरी अंगठा रुतवावा तशी कळ उठली, धार संपेपर्यंत वाढत गेली आणि मिनिटभराने विरली. मी भिंतीला हात टेकून उभा. बायको दाराबाहेरून, "अहो, काय झालं?" काय सांगणार! लघवी खाली करायची आणि दुखतंय वर, पाठीत. मला वाटलं खडा फुटून अडकला. मग आठवलं, खड्याला तर अजून हातच लागलेला नाही.

दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या विचार करताना उलगडलं, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीत सरळ शिरत नाही, तिरकी शिरते. मूत्राशय भरला किंवा आवळला गेला की भिंतीच्याच दाबाने तिचं तोंड मिटतं आणि लघवी उलटी वर जात नाही. म्हणजे निसर्गाने बसवलेला एनआरव्ही, पाणी उलटं न जाऊ देणारा व्हॉल्व्ह, ना स्प्रिंग ना झडप. आणि आपण काय केलं? त्या एनआरव्हीमधून आरपार नळी घातली. तो आता मिटणार कसा? लघवीला जोर केला की मूत्राशयातला दाब थेट किडनीवर जातो. हे कळल्यावर दुखणं कमी झालं असं नाही, पण भीती गेली. कुठला आवाज कशाचा हे कळलं की टाकीचा खडखडाटही झोपू देतो.

दुसरा त्रास खालच्या टोकाचा. वेटोळं मूत्राशयाच्या तळाशी पडून असतं आणि तळाला सारखं टोचत राहतं. मूत्राशयाला वाटतं आपण भरलोय. जाऊन यावं तर चार थेंब, आणि पुन्हा भरल्याचीच भावना. बॉलकॉक अडकलेल्या टाकीसारखं. कॅलेंडरवर रेघा मारत होतो: तिसऱ्या दिवशी २३ वेळा, त्यातल्या सहा रात्री. मागाहून कळलं की नळी घातलेल्या बहुतेक लोकांना यातलं काही ना काही होतंच. इतकं सर्रास, की या त्रासाची मोजदाद करायला एक प्रश्नावलीच बनवलेली आहे. प्रश्नावली आहे, मग रुग्णाच्या कागदावर दोन ओळी का नाहीत?

पाचव्या दिवशी मी शहाणपणा केला. बरं वाटतंय म्हणून कामावर गेलो. काम क्षुल्लक, बेसिनखालचा बॉटल ट्रॅप बदलायचा. आडवा होऊन, अंग मुरडून, पान्ह्याला जोर. अर्ध्या तासात काम झालं. तिथल्याच संडासात गेलो तर लघवी विटकरी रंगाची. पाय लटपटले. माझ्या हाताखालचा पोरगा म्हणाला, "मामा, तुम्ही घामाघूम झालाय, बसा आधी." घरी येऊन वॉर्डला फोन लावला. ज्या सिस्टरने उचलला त्यांचं नाव मला माहीत नाही, पण या सबंध प्रकरणात सगळ्यात कामाचं बोलणं त्यांचं. म्हणाल्या, "काका, वाकलात, वजन उचललंत की नळी हलते, घासते आणि रक्त येतं. पाणी प्या, पडून राहा, उद्यापर्यंत फिकं होईल. पण गुठळ्या येऊन लघवी अडली, किंवा थंडी वाजून ताप भरला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघून या. ताप आला तर घरी गोळी खाऊन वाट बघायची नाही." चाळीस सेकंदांत सांगून झालं. हेच त्या कागदावर छापायला काय हरकत होती?

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खरंच फिकं गुलाबी झालं, मग पाण्यासारखं. त्या गिऱ्हाइकाला फोन करून तारीख मागे घेतली.

सोळाव्या दिवशी दुसरं ऑपरेशन. या वेळी दुर्बीण लोण्यात सुरी जावी तशी गेली म्हणे. म्हणजे पहिल्या नळीने सांगितलेलं काम पार पाडलं होतं. काढलेली नळी बघायला मागितली. सिस्टर हसल्या, पण डबीत घालून दाखवली. वेटोळ्यावर बोट फिरवलं तर किंचित खरखरीत. सोळा दिवसांत. क्षार साचायला सुरुवात कशी होते ते मला कोणी शिकवायला नको, पण स्वतःच्या अंगातून निघालेल्या पाइपवर ते बघणं वेगळं.

म्हणूनच मला या वस्तूची खरी भीती वाटते ती एकाच बाबतीत: विसरण्याची. त्रास सवयीचा होतो, कोणाकोणाला तर फारसा होतच नाही, आणि माणूस नळी काढायला फिरकत नाही. साधारण तीन महिन्यांच्या आत ती काढायची किंवा बदलायची असते. त्यापुढे राहिली की तिच्यावरच खडे चढतात, टोकं गोठतात, ओढायला गेलं तर तुटते. मग नळी काढायला ऑपरेशन. आमच्याकडे फिल्टरवर चिठ्ठी लावतात, पुढची बदली अमुक तारखेला. माझ्यावर चिठ्ठी लावणार कुठे? हत्यारांच्या पेटीच्या झाकणावर मार्करने तारीख लिहिली. रोज पेटी उघडली की समोर. मुलगा म्हणाला, "बाबा, मोबाइलवर लावा ना." मोबाइलवरही लावली. पेटीवरची राहिली.

दुसरी नळी घालायच्या आधी मी डॉक्टरांशी भांडलो, म्हणजे आवाज न चढवता. म्हटलं, मी बुटका माणूस, मला २६ कशाला? त्यांनी एक्स-रे लावून बघितला. खालचं वेटोळं मूत्राशयाची मधली रेषा ओलांडून पलीकडे गेलेलं. म्हणाले, "बरोबर आहे, लांबी जास्त झाली तर त्रास जास्त होतो. या वेळी २४ ठेवतो." त्यांनी कबूल केलं हे मला आवडलं. आणि रात्री एक टॅमसुलोसिनची, म्हणजे वाहिनी सैल ठेवणारी गोळी, शिवाय मूत्राशय शांत ठेवणारी एक. पहिल्या खेपेला या का नव्हत्या, असं विचारल्यावर "द्यायला हव्या होत्या" इतकंच उत्तर आलं.

फरक? पहिल्या नळीत तिसऱ्या दिवशी २३ वेळा, दुसरीत तिसऱ्या दिवशी १२. पाठीतली कळ होतीच, पण अंगठ्याऐवजी करंगळी. आता हा फरक लांबीचा, गोळ्यांचा, की मी शहाणा झाल्याचा, ते मी सांगू शकत नाही. प्रयोगाला माणूस एकच, तोही मीच. शहाणपण म्हणजे काय, तर घाईघाईने जोर करायचा नाही. बसून, सावकाश, धार आपणहून येऊ द्यायची. गच्च भरेपर्यंत थांबायचं नाही. पाणी दिवसभर घोट घोट प्यायचं, झोपताना तांब्याभर नाही. पोट साफ ठेवायचं, कुंथलं की सगळंच चाळवतं. आणि वाकायचं काम पोराला.

टॅमसुलोसिनबद्दल एक गोष्ट पुरुषांना कोणी तोंडाने सांगत नाही म्हणून लिहितो. वीर्य कमी येतं किंवा येतच नाही. गोळी बंद झाली की परत ठीक होतं. मला हे औषधाच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत सापडलं, तेही घाबरून झाल्यानंतर. शिवाय झटकन उठलं की चक्कर येते. रात्री संडासला जाताना आधी काठावर बसायचं, मग उभं राहायचं.

या नऊ दिवसांत भुकटी पडत होती. गाळणीत धरली. बारीक तपकिरी वाळू, चिमूटभर. तपासणीत कॅल्शियम ऑक्झलेट निघालं, सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार. मला इतकी वर्षं खात्री होती की खडे होतात ते जड पाण्याने. कित्येकांना तसं ठासून सांगितलंय आणि पाणी मऊ करणारी यंत्रं बसवलीत. डॉक्टर म्हणाले, पाणी जड की मऊ यापेक्षा तुम्ही पिता किती ते बघा. पाइपात साचतो तो कॅल्शियम कार्बोनेट, तुमच्यात झाला तो ऑक्झलेट, दोघांची गल्लत करू नका. आणि कॅल्शियम बंदही करू नका, मीठ कमी करा. यंत्रं घेतलेल्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली. यंत्रं वाईट नाहीत, गिझरला चांगलीच आहेत.

नळी काढणं. याची मला ऑपरेशनपेक्षा जास्त धास्ती होती, कारण भूल नाही. लिग्नोकेनची, म्हणजे जागा बधिर करणारी जेली आत सोडतात, थोडं थांबतात, मग बारीक दुर्बीण घालून चिमट्याने टोक पकडतात आणि ओढतात. दुखलं असं म्हणणार नाही. विचित्र वाटलं. आपल्या आतून एक लांब काहीतरी सरपटत निघतंय आणि ते संपतच नाही. दोन मिनिटांत बाहेर. काही ठिकाणी नळीला दोरा ठेवून तो बाहेर सोडतात, मग दुर्बीणही लागत नाही. दोरा नकोच, माझ्या हाताखालून दिवसभर काय काय ओढलं जातं ते मला माहीत आहे.

तिथून निघालो तो हवेतच. सकाळी अकराला नळी निघाली, दुपारी चारला मी जमिनीवर होतो. डाव्या कुशीत तीच जुनी कळ, खड्याची, थेट जांघेत उतरणारी. उलटीही झाली. बायकोने न विचारता वॉर्डला फोन लावला. त्याच सिस्टर होत्या की दुसऱ्या, कोण जाणे. "नळी निघाल्यावर वाहिनी आवळते, कधी सुजते. दुखण्याची गोळी दिलीय ती घ्या, शेक द्या. रात्रीपर्यंत थांबलं नाही किंवा ताप आला तर या." गोळी घेतली, गरम पाण्याची पिशवी घेऊन पडलो. साडेसातला थांबलं. हेसुद्धा कागदावर नव्हतं. तिसऱ्यांदा लिहितोय, कारण तिसऱ्यांदा घडलं.

महिन्याने सोनोग्राफी केली, किडनी मोकळी, सूज नाही. मग २४ तासांची लघवी जमा करायला सांगितली. भरलेला कॅन घेऊन गेलो, म्हणजे मला वाटलं भरलेला. १,१५० मिलिलिटर. हवी होती अडीच लिटर.

तेव्हा निकाल असा. नळीच्या कामाला पाच तारे, तिच्याबरोबर राहण्याला दोन. २४ सेंटिमीटरची असेल आणि सोबत गोळ्या असतील तर अडीच. डॉक्टरांना साडेचार, अर्धा २६ सेंटिमीटरचा कापला. कागदाला शून्य. फोन उचलणाऱ्या सिस्टरना द्यायला तारे उरले नाहीत, पण गेल्या आठवड्यात वॉर्डातल्या बेसिनचा नळ ठिबकत होता, तो त्यांच्या देखत वॉशर बदलून दिला. वाकून, जमिनीवर बसून. काही दुखलं नाही.